कोल्हापूर ते ऑकलंड, ॲव्हरेज ४००

आमचे आप्पा एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यातली निम्मी तरी कोल्हापूर-मुंबई रातराणीवर गेली असतील. त्यामुळं ताई ऑकलंडला सेटल झाल्यापासून घरात कुणीही 'न्यूझीलंड किती लांब हो?' विचारलं की सगळे भूगोल सांगायला लागायचे आणि आप्पांचा एकच प्रश्न असायचा, किलोमीटर किती आणि तास किती. बाकी सगळं त्यांच्या लेखी गप्पा. मागच्या डिसेंबरात शेवटी आईला, आप्पांना घेऊन मी निघालो, बायको-पोरगं इथंच राहिले कारण पोराची शाळा.

तिकीट काढतानाच पहिली वादावादी झाली. एक स्वस्त तिकीट दुबईवरनं होतं, माणशी बारा-तेरा हजारांचा फरक, मी जवळजवळ काढलंच होतं. आप्पांनी पोराचा पृथ्वीचा गोल मागवला, आईच्या शिवणाच्या डब्यातनं दोरा घेतला आणि एक टोक मुंबईवर, एक ऑकलंडवर धरून ताणला. दोरा बरोब्बर सिंगापूरवरनं गेला. मग मी नीट आकडे काढले. मुंबई-ऑकलंड सरळ धरलं तर साधारण १२,३०० किलोमीटर. सिंगापूरवरनं गेलं तर ३,९२० अधिक ८,४१०, म्हणजे वाकडी वाट फक्त पंचवीस-तीस किलोमीटरची, एवढं तर आमच्याकडं पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणून लोक जातात. आणि दुबईवरनं? आधी १,९०० किलोमीटर उलट्या दिशेला आणि मग तिथनं १४,२००. 'मर्दा, मुंबईला जायला बेळगावला जाऊन गाडी बदलणार काय?' असं आप्पांनी म्हटल्यावर विषयच संपला.

बुधवार

रात्री ११:४० चं विमान. कोल्हापुरातनं मुंबईला विमान आहे पण वेळा जुळेनात आणि सामानाचं वजन जुळेना, म्हणून चुलतभावाची अर्टिगा. सकाळी साडेदहाला निघालो. आप्पांनी एक शंभर पानी वही घेतलेली, पहिल्या पानावर गाडीचं रिडिंग, वेळ, आणि खाली सही. मी म्हटलं सही कशाला, तर म्हणे लॉगशीटला सही नसली तर ड्युटी धरत नाहीत.

पेठ नाक्यापर्यंत बरं चाललेलं. पुढं सहापदरीच्या कामाची डायव्हर्जनं, एक संपलं की दुसरं, कराडच्या पुलाखाली अर्धा तास, साताऱ्यात जेवण, आणि खंबाटकीत एक कंटेनर बंद पडलेला तिथं दीड तास नुसते उभे. आई सारखी घड्याळ बघत होती. आप्पा पुढच्या सीटवर शांत, फक्त चुलतभावाला 'क्लच धरून बसू नको रे, न्यूट्रल कर' एवढंच अधनंमधनं. पुण्यात नवले पुलाला परत तेच. एक्सप्रेसवेला लागलो तेव्हा अंधार पडलेला. एअरपोर्टला ८:५० ला टेकलो. ३८० किलोमीटर, दहा तास वीस मिनिटं. आप्पांनी तिथंच बॅगेवर वही ठेवून भागाकार केला, ॲव्हरेज ३७. 'माझी लाल गाडी, सगळे स्टॉप घेऊन, याच्या आधी यायची.' हे वाक्य पुढचे तीन आठवडे ऐकलं मी.

सिक्युरिटीला टोपी काढायला सांगितली, ती काढली, पट्टा काढला, आईच्या बांगड्या वाजल्या, तो सगळा कार्यक्रम झाला. गेटवर काचेतनं विमान बघून आप्पा म्हणाले टायर किती लहान आहेत याला.

गुरुवार (असं म्हणायचं)

आता इथं खरी गंमत. मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि आईचा महालक्ष्मीचा उपास. तिकीट काढताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विमान ११:४० ला हललं, आणि वीस मिनिटांत गुरुवार लागला, म्हणजे आईचा अख्खा गुरुवार विमानातच उगवणार आणि विमानातच मावळणार होता. घट ताईकडं मांडायचा ठरलेला, पण ताईकडं पोचणार रात्री बारा वाजता. शेवटी कोल्हापुरात जाऊबाईंनी आईच्या नावानं पूजा करायची आणि उपास आईनं करायचा अशी फोनवर वाटणी झाली.

सिंगापूरपर्यंत साडेपाच तास. रात्र, खाली काही दिसत नाही, आई झोपली. आप्पा समोरच्या स्क्रीनवरचा नकाशा लावून बसले ते डोळा मिटायचं नावच नाही. उंची ३७,००० फूट, बाहेर उणे पन्नासच्या खाली, वेग ९०० च्या पुढं, सगळं वहीत. 'रातराणीच्या ड्रायव्हरला रात्री झोप येत नसते' म्हणे.

सिंगापूरला पावणेआठला उतरलो, आमच्या घड्याळात सव्वापाच. पुढचं विमान ९:१० ला, त्यामुळं चांगी, म्हणजे तिथलं विमानतळ, आमच्यासाठी एक गालिचा आणि एक ट्रॅव्हलेटर, त्यापलीकडं काही सांगण्यासारखं नाही. आईनं राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. मी तिचं घड्याळ पुढं करायला हात केला तर करू देईना, 'असूदे, गोळ्या या घड्याळावर आहेत.'

दुसरं विमान मोठं, एअरबस ए-३५०, आणि यावेळी उजेड. इथनं पुढचे पावणेदहा तास आप्पांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे असावेत. खिडकी त्यांची. आधी समुद्र आणि ढग, मग बालीच्या आसपास डोंगरांची टोकं वर आलेली, परत समुद्र, आणि मग ऑस्ट्रेलिया सुरू झाला तो संपेचना. लाल माती. नुसती लाल, मधे एखादी रेघ ओढल्यासारखा रस्ता, कोरड्या नदीचे वळसे, पण गाव नाही, शेत नाही, काही नाही. जवळजवळ पावणेचार तास हे. हा देश वायव्येच्या कोपऱ्यातनं शिरून ब्रिस्बेन आणि सिडनीच्या मधे कुठंतरी बाहेर पडायचं, अंतर ३,३०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून सिंगापूरला जेवढं आलो त्यापेक्षा थोडंच कमी. आप्पा दोन तासांनी म्हणाले, 'इथं गाडी बंद पडली तर रे?' आणि त्यानंतर बराच वेळ खाली बघत गप्प होते.

मग केपीटीएल काढायला बसले. एसटीत ड्रायव्हरची इज्जत या आकड्यावर, दहा लिटर डिझेलला गाडी किती किलोमीटर चालली. आप्पांचा पन्नासच्या आसपास असायचा, एकदा त्यासाठी डेपोत शाल-नारळ मिळालेला, तो फोटो अजून हॉलमध्ये आहे. मला विचारलं याचं किती. मी सिंगापूरला वायफायवर बघून ठेवलं होतं. टाकी १,४०,००० लिटरच्या आसपास, तासाला ढोबळ सहा टन इंधन पितं, म्हणजे साडेसात हजार लिटर, आणि तेवढ्यात जातं ९०० किलोमीटर. दहा लिटरला सव्वा किलोमीटर. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच पायलट आहे. मी म्हटलं अहो पण माणसं किती बसलीत ते धरा, अडीचशेच्या वर आहेत. धरलं. माणशी लिटरला तीसेक किलोमीटर पडलं. मग त्यांनी स्वतःच्या गाडीचं धरलं, चव्वेचाळीस सीट, लिटरला पाच. दोनशेवीस. वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि खुशीत चहा मागितला. (बस ९०० च्या वेगानं उडत नाही हे मी बोललो नाही. प्रवासात वाद नको.)

आणखी एक प्रश्न, ड्रायव्हर किती? लांबच्या फ्लाइटला जास्तीचे पायलट असतात, आळीपाळीनं झोपतात, त्यांच्यासाठी वेगळे बंक असतात असं सांगितल्यावर 'हे बरं केलंय' म्हणाले. आप्पांची झोपायची जागा म्हणजे मुंबई सेंट्रलला गाडीचं टप, उन्हाळ्यात.

ऑस्ट्रेलियाचा किनारा सोडला आणि थोड्याच वेळात सूर्य मावळायला लागला. आम्ही पूर्वेला पळतोय, म्हणजे सूर्याच्या उलट, त्यामुळं दिवस दोन्ही बाजूंनी खाल्ला गेलेला. आईनं मनगटाकडं बघितलं, अडीच. दुपारचे अडीच, आणि बाहेर केशरी होऊन अंधार पडतोय. मग उपास सोडायचा का नाही? आप्पा म्हणाले सूर्य मावळला, सुटला. आई म्हणाली अडीचला कुणी उपास सोडतं का, कोल्हापुरात अजून जाऊबाईंचा नैवेद्यसुद्धा झाला नसेल. आप्पा म्हणाले मग कोल्हापूरचं धरलंस तर ऑकलंडला उतरल्यावर अजून गुरुवार दुपारच आहे. बाजूची एक मलेशियाची बाई आमच्या तोंडाकडं बघत होती, तिला वाटलं कुणाची तब्येत बिघडलीय. शेवटी आईनं मधला मार्ग काढला, शेंगदाण्याचा लाडू आणि खजूर खाल्ला, हवाईसुंदरीनं आणलेलं गरम जेवण परत केलं, आणि भात ताईच्या घरी, देवाला हात जोडून. सोळा तासांचा गुरुवार आणि तरी उपास पूर्ण चोवीस तासांइतकाच लांब वाटला असं तिचं म्हणणं.

ऑकलंडला चाकं टेकली तेव्हा तिथं रात्रीचे ११:५५. गुरुवारच. मुंबईतनं बुधवारी ११:४० ला निघून गुरुवारी ११:५५ ला पोचलो, घड्याळ म्हणतं सव्वाचोवीस तास, पण त्यातले साडेसात तास नुसत्या वेळेच्या फरकाचे. खरे सोळा तास पंचेचाळीस मिनिटं. डिसेंबरात तिकडं घड्याळं एक तास पुढं केलेली असतात, आपल्या हिवाळ्यात तो फरक साडेसातचा होतो, एरवी साडेसहा.

कढीपत्ता

न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. तिथं ड्रग्जपेक्षा आधी खाण्याचं विचारतात की काय असं वाटतं. निघायच्या आधी ऑनलाइन डिक्लेरेशन भरायचं असतं, त्यात खाण्याच्या वस्तू आहेत का याला गपगुमान 'हो' म्हणायचं. लपवलं आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध नेऊच नका, ताजी फळं, भाज्या, बिया नाही. बुटाला माती चालत नाही. ताईनं महिनाभर आधीपासून फोनवर हेच पढवलेलं, त्यामुळं आप्पांच्या कोल्हापुरी चपला आईनं ब्रशनं घासून, उन्हात वाळवून, वर्तमानपत्रात बांधून आणलेल्या.

काउंटरवर एक उंच बाई, हातमोजे घातलेली. मी यादी वाचली, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भडंग, लाडू. तिनं मसाल्याचं पाकीट हातात घेऊन वळवून बघितलं, नाकाजवळ नेलं आणि पटकन लांब धरलं. चपला काढल्या, तळवे बघितले, ठीक म्हणाली. मग मसाल्याच्या डब्याच्या पिशवीत हात घातला आणि तिथनं निघाली कढीपत्त्याची हिरवीगार डहाळी. दोन. ओल्या रुमालात गुंडाळलेली. मला घाम फुटला, मी आईकडं बघितलं, आई छताकडं बघत होती. 'आपल्या परसातला आहे रे, वाळलाय जवळजवळ.' वाळला नव्हता. बाईनं आमचं डिक्लेरेशन परत वाचलं, खाण्याच्या वस्तू 'हो' लिहिलंय, मी आपणहून यादीही वाचलीय, म्हणून दंड न करता नुसती डहाळी जप्त केली. एका पिवळ्या डब्यात टाकली. आई त्या डब्याकडं मान वळवून वळवून बघत बाहेर आली.

बाहेर ताई, दाजी. रडारड. घरी पोचलो तेव्हा पावणेदोन. आप्पांनी बूट काढायच्या आधी वही काढली. सकाळी साडेदहाला कोल्हापूर सोडलेलं, आता भारतात संध्याकाळचे सव्वासहा, म्हणजे एकतीस तास पंचेचाळीस मिनिटं. किलोमीटर १२,७३०. ॲव्हरेज ४००. 'आणि त्यातला तिसरा हिस्सा वेळ पहिल्या ३८० ला गेला', हे दाजींना दाखवलं, मग जेवले.

शुक्रवार, शनिवार

झोपेचं गणित पूर्ण फिसकटलेलं. रात्री दोनला टक्क जागे, कारण पोटात साडेसहा वाजलेले, आणि सकाळी दहाला उठवत नाही. पश्चिमेला, म्हणजे अमेरिकेला जाणारे पहाटे लवकर उठतात म्हणे, आमचं उलट. दोन दिवस ताईनं सक्तीनं उन्हात फिरवलं तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. तेवढ्यात सँडरिंगहॅम रोडवर जाऊन आलो, तिथं भारतीय वाण्यांची रांगच आहे, आणि तिथं कढीपत्ता मिळतो. आईनं भाव विचारला, रुपयांत गुणाकार केला आणि पाकीट परत ठेवलं.

आप्पांना वेगळाच घोळ. सकाळी अंगणात उभं राहून सूर्याला नमस्कार करायची सवय. सूर्य पूर्वेलाच उगवतो, ते ठीक, पण नंतर तो दक्षिणेकडनं न जाता उत्तरेकडनं जातो, म्हणजे पूर्वेकडं तोंड केलं तर उजवीकडं सरकायचा तो डावीकडं सरकतो. अर्ध्या तासात सावली भलत्याच बाजूला. आप्पा म्हणाले मला दिशा चुकल्यासारखं होतंय, एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

रविवार

माउंट ईडनला गेलो. १९६ मीटरची टेकडी, पन्हाळ्याच्या माणसाला काही नाही, पण वर मधोमध ज्वालामुखीचं खोलगट विवर आहे, हिरव्या गवतानं भरलेलं, वाटीसारखं. मावरी लोकांसाठी पवित्र जागा, आत उतरायचं नाही. अख्खं ऑकलंड अशा पन्नासेक जुन्या ज्वालामुखींवर बसलंय. तिथनं ३२८ मीटरचा स्काय टॉवर, दोन्ही बाजूंचे समुद्र, आणि खाली पोहुतुकावाची झाडं लालभडक फुललेली, डिसेंबर म्हणजे तिकडं उन्हाळा.

आप्पांनी विचारलं, याच्या पुढं काय? म्हणजे याहून लांब जाता येतं का. मी म्हटलं पृथ्वीला पूर्ण वळसा ४०,००० किलोमीटर, म्हणजे कुठंही गेलं तरी २०,००० च्या पुढं लांब जाताच येत नाही, मग परत जवळ यायला लागतं. ऑकलंडच्या बरोब्बर उलट्या टोकाला दक्षिण स्पेन आहे. हे त्यांना फार आवडलं. नंतर ताईच्या शेजारच्या म्हाताऱ्याला मोडक्या इंग्रजीत, खाली बोट दाखवून, 'स्पेन, स्पेन' असं समजावून सांगत होते. म्हातारा माना डोलवत होता.

रात्री दहाला अंधार झाला तेव्हा आई मागच्या अंगणात गेली आणि तिथनंच हाक मारली. मृग. मृगाचा बाण तिला लहानपणापासून पाठ, शेतात झोपायची तेव्हापासून. तीन तारे ओळखले, पण सगळं उलटं लटकलेलं, आणि व्याध, जो आपल्याकडं मृगाच्या खाली मागनं येतो, तो इथं वर बसलेला. आईनं मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली, मग सरळ पाठ फिरवून कमरेत वाकून मागं उलटं बघायला लागली. 'आता बरोबर दिसतंय.' ताई हसून हसून खाली बसली. ध्रुव शोधायला लागले आप्पा, म्हटलं तो इथं दिसतच नाही, जमिनीखाली आहे.

परत

तीन आठवडे राहिलो, ते सांगत बसत नाही. जानेवारीत एका मंगळवारी सकाळी ११ ला निघालो. यावेळी दहा तास पन्नास मिनिटं लागली सिंगापूरला, जाताना पावणेदहा. तेच अंतर, तेच विमान. आप्पा चिडले, 'हळू मारतोय हा.' स्क्रीनवर बघितलं तर समोरनं वारं. या पट्ट्यात वर, विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडनं पूर्वेला वाऱ्याची नदीच वाहत असते, जेट स्ट्रीम म्हणतात तिला, जाताना ती पाठीवर होती, आता तोंडावर. जमिनीवरचा वेग ९५० चा ८३० झालेला. 'म्हणजे घाट चढतोय', आप्पा म्हणाले, आणि राग गेला. वहीत 'घाट' असंच लिहिलंय.

चांगीला दोन तास होते, टर्मिनल बदलायच्या छोट्या रेल्वेतनं तो प्रसिद्ध धबधबा दिसला, चाळीस मीटरचा, छतातनं पडणारा. दहा सेकंद. आई म्हणाली आंबोली बरी.

यावेळी सूर्य आमच्याबरोबरच चाललेला त्यामुळं मंगळवार संपेचना. मुंबईला उतरलो तर मंगळवारच, रात्रीचे दहा. सकाळी ११ ला निघून रात्री १० ला आलो, घड्याळात अकरा तास, खरे साडेअठरा. आईचं घड्याळ तीन आठवडे कोल्हापूरच्याच वेळेवर होतं, ते आता एकदम बरोबर झालं, तिनं ते सगळ्यांना दाखवलं.

बाहेर चुलतभाऊ अर्टिगा घेऊन उभा. किती तास लागतील विचारलं तर म्हणाला खंबाटकीत परत काहीतरी पलटी झालंय, सकाळचे सात धरा. नऊ तास. आम्ही मागं बसलो, आई माझ्या खांद्यावर लगेच झोपली. आप्पा पुढं बसले, बेल्ट लावला, वही उघडली, डॅशबोर्डकडं वाकले.

'रिडिंग सांग.'